मासा कोण होणार?

इसाकू उराकावाच्या हातात रीलचं हँडल राहिलं आणि मासा निघून गेला. घडलं ते एवढंच, पण आरिकावाच्या बंदरात ते लोकांना वर्षभर पुरलं.

इसाकूचं बंदरासमोर केस कापायचं दुकान. त्याचा शाळेपासूनचा मित्र गोन्जो गळ टाकायच्या शौकिनांना होडीतून खडकांपाशी नेत असे. गेल्या वसंतात त्याने इसाकूलाही नेलं. इसाकूने सोबत घेतला वडिलांच्या वेळचा रॉड, तोही काठावर बसून वीतभर मुडदुशा धरायचा. त्याला लागला हिरामासा. कमरेइतका लांब, पाठ निळी, कुशीला पिवळी पट्टी, आणि डोक्यात एकच गोष्ट: तोंडात गळ रुतला की तडक खडकाकडे धावायचं आणि दोरा घासून तोडायचा. त्या माशाला खडकापर्यंत जायचे कष्टसुद्धा पडले नाहीत. रीलचं हँडलच उपटून इसाकूच्या मुठीत आलं.

"इसाकू, जरा जपून हं," दाढीला आलेलं गिऱ्हाईक म्हणे, "वस्तऱ्याची मूठ घट्ट आहे ना?"

वस्तरा याच्या हातात, मान त्यांची, तरी थट्टा याचीच चालू. वर्ष सरत आलं तसा इसाकूचा संयमही सरला.

"नवा रॉड घेतो," एका सकाळी तो बायकोला म्हणाला. "पॉपर फेकायचा. खराखुरा."

"घ्या ना," मित्सुए म्हणाली. ती गावातल्या उदोनच्या कारखान्यात शेवया ओढायची. दिवसभर कणीक ताणून तिचे दंड खलाशासारखे झाले होते. "पण मीही येणार. मागे तुम्ही एकटे जाऊन छत्री आणलीत, ती उघडतच नाही."

गळाच्या सामानाचं दुकान शिराहामा नावाच्या म्हाताऱ्याचं. दुकानात पाऊल टाकताच इसाकूची नजर एका रॉडवर खिळली. जांभळा रंग, वर सोनेरी दोऱ्याची गुंडाळण. सणाला नेसायच्या किमोनोसारखा झळकत होता.

"हा!" इसाकू म्हणाला.

"का?" शिराहामाने विचारलं.

इसाकूला "बरा दिसतो" असं म्हणायची लाज वाटली, म्हणून त्याने रॉड हातात घेऊन दोनदा हवेत सपसप केला आणि "हं" असं जाणत्यासारखं हुंकारला. सपसप करताना टोक वरच्या दिव्याला लागलं.

"ऐक," म्हातारा खुर्ची ओढत म्हणाला. "पॉपर म्हणजे लाकडाचा मासा, तोंड वाटीसारखं कोरलेलं. लांब फेकायचा, मग झटका द्यायचा. त्याच्या वाटीत पाणी भरतं आणि 'डबाक' होतं. खालच्या हिरामाशाला वाटतं, वर कुणीतरी मजा करतंय. त्याला ते सहन होत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"रॉड लांब नि मऊ असला तर पॉपर दूर जातो, पण मासा लागला की तुझीच कंबर मोडते. आखूड नि ताठ असला तर ताकद भरपूर, पण पॉपर डबाक करायचं सोडून पाण्याबाहेर उड्या मारतो, बेडकासारखा. मधला घेतला तर..."

"तर?"

"अवलंबून आहे."

शिराहामाचं प्रत्येक बोलणं शेवटी याच घाटावर येऊन थांबत असे. कशावर अवलंबून? फेकणाऱ्याच्या उंचीवर, होडीवर, वाऱ्यावर, माशाच्या स्वभावावर. रीलचं विचारलं तर तेच. मोठं रील जड, पण दोरा भराभर गुंडाळतं. छोटं हलकं, पण ऐन वेळी मागे पडतं. ऐकता ऐकता इसाकूचं डोकं भणभणायला लागलं.

"अहो, पण नक्की कळतं कधी?" मित्सुएने विचारलं.

"मासा लागल्यावर."

"म्हणजे विकत घेतल्यावर!"

"तसं नाही. मागच्या अंगणात करून बघतो ना आपण. दोरा कमरेला बांधायचा आणि पळायचं. एरवी मीच मासा होतो." शिराहामाने कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं. "पण या आठवड्यात उसण भरलीय. इसाकूला रॉड धरायचाय. मग मासा कोण होणार?"

दुकानात तिघंच होते. दोघांच्या माना हळूहळू मित्सुएकडे वळल्या.

"मी?" ती म्हणाली. आणि कुणी समजूत घालायच्या आत तिने चपला काढून कडेला ठेवल्या.

मागे गाड्या लावायचं मोकळं अंगण होतं. एका टोकाला थंड कॉफीचं यंत्र, दुसऱ्या टोकाला वाळत घातलेली जाळी. शिराहामाने मित्सुएच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, त्याला दोरा अडकवला. गळ अर्थातच नाही.

"ते यंत्र म्हणजे खडक," त्याने सांगितलं. "तू हिरामासा. तुला खडकामागे जायचंय. इसाकू, तू जाऊ द्यायचं नाहीस."

पहिला रॉड इसाकूच्या हट्टाने तो जांभळाच घेतला. लांब आणि मऊ. शिराहामाने "हं" म्हटलं आणि मित्सुए सुटली. शाळेत ती आठशे मीटर धावायची, हे इसाकूला ठाऊक होतं. पण लग्नानंतर तिला असं पळताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. रॉड धनुष्यासारखा वाकला, मग कमानीसारखा, मग त्याचं टोक जमिनीकडे बघायला लागलं. इसाकू टाचांवरून चवड्यांवर आला, चवड्यांवरून अंगठ्यांवर, आणि शेवटी "अगं, थांब, थांब!" असं ओरडत बदकासारखा तिच्यामागून निघाला.

मित्सुए यंत्राला वळसा घालून पलीकडे पोचली. दोरा कोपऱ्यावर करकरला.

"तुटला!" तिने यंत्राआडून जाहीर केलं. "मी सुटले!" मागोमाग खण्ण असा आवाज आला. सुटलेल्या माशाने स्वतःसाठी थंड कॉफी घेतली होती.

"सोनेरी दोरा मात्र छान आहे," शिराहामा म्हणाला.

दुसरा रॉड आखूड आणि ताठ, नुसता बांबू. या वेळी मित्सुएने हिसका दिला तेव्हा रॉड जराही वाकला नाही. रॉड वाकला नाही म्हणून इसाकू वाकला. मग तो घसरला, मग बसला, आणि बसल्या बसल्या अंगण पार करून वाळत्या जाळ्यांत शिरला.

जाळ्यातून त्याला सोडवत असतानाच सायकलची घंटी वाजली. बंदरावर नुकताच बदलून आलेला पोलीस, कोगा, फाटकाशी उभा होता. तरणाबांड, मानेला जुदोवाल्यांची जाडी. त्याला दिसलं ते असं: एक बाई कमरेला दोर बांधून धापा टाकतेय, दोराचं दुसरं टोक एका पुरुषाच्या हातात, आणि एक म्हातारा खुर्चीवर बसून "अजून जोरात" म्हणतोय.

कोगा सायकलवरून उतरला. आवाज शक्य तितका मऊ करून तो मित्सुएला म्हणाला, "काकू, घाबरू नका. हा दोर तुम्ही आपल्या मर्जीने बांधून घेतलात का?"

"हो. मी हिरामासा आहे."

कोगाने इसाकूकडे पाहिलं. "आणि हे?"

"हे माझे मिस्टर. यांना मी आवरत नाहीये."

"रॉड घेतोय हो, साहेब," जाळ्यातून आवाज आला. "पॉपरचा."

समुद्रापलीकडच्या मुख्य बेटावरच्या पोलिसांच्या शाळेत यावर काही शिकवलेलं नसावं. कोगाने खाकरून विचारलं, "काकूंचं वजन... म्हणजे हिरामासा केवढा असतो?"

"अवलंबून आहे," शिराहामा म्हणाला.

तिसरा रॉड मधला. वरचा शेंडा जरा मऊ, पॉपरला पाण्यात ठेवण्यापुरता. बुंधा मात्र भक्कम. रंग काळा, बघून न बघितल्यासारखा. यावर शिराहामाने मोठं रील चढवलं आणि पुढची चकती पिळून, दोरा ओढून ओढून पाहिला. "मासा ओढेल तेव्हा दोरा सुटला पाहिजे," तो म्हणाला, "पण रडत रडत. हसत सुटला तर मासा गेला, आणि सुटलाच नाही तर तुटला."

मित्सुए धावली. दोरा रडत रडत सुटला. इसाकूने बुंधा कमरेशी दाबला, गुडघे वाकवले, आणि आश्चर्य म्हणजे तो जागचा हलला नाही. मित्सुए डावीकडे गेली, उजवीकडे गेली, यंत्रापासून हातभर अंतरावर अडली, आणि तिथेच जागच्या जागी पाय मारत राहिली.

"जमलं!" इसाकू ओरडला.

तेवढ्यात मित्सुए वळली आणि थेट त्याच्याच अंगावर धावून आली. दोरा एकदम सैल पडला. इसाकूची तंतरली.

"गुंडाळ! गुंडाळ!" शिराहामा किंचाळला. "मासा होडीकडे पण पळतो!"

इसाकूने हँडल असं फिरवलं की टोपी उडाली. मोठ्या रीलने दोरा गपागप गिळला आणि मित्सुए दोन पावलांवर असताना दोरा पुन्हा ताणला गेला. मग छोटं रील लावून हेच केलं. या वेळी ती सरळ त्याच्यापर्यंत पोचली आणि त्याच्या टकलावर टप्पकन चापट मारून परत गेली.

"काकूंनी फसवलं," कोगा म्हणाला. तो एव्हाना सायकल लावून, बाह्या सारून उभा होता. "काका, खरा भारी मासा लागला तर? मी एकदा बघू का?"

पुढच्या पाच मिनिटांत आरिकावाचा पोलीस कमरेला पट्टा बांधून, "साहेब, खाली मान घाला!" या मित्सुएच्या सूचना पाळत कॉफीच्या यंत्राकडे झेपावत होता. फाटकाशी मासळीवाल्या बायका जमल्या होत्या आणि टाळ्या पोलिसाच्या बाजूने पडत होत्या. काळ्या रॉडने त्यालाही तोलून धरलं. इसाकूची छाती फुगली होती.

"ठरलं," मित्सुए पट्टा सोडत म्हणाली. "काळा रॉड, मोठं रील."

"पण जांभळा..."

"जांभळ्यातून मी सुटले. याच्यातून नाही. मासा रंग बघतो का? मी बघितला का?"

"तू मासा नाहीस, मित्सुए!"

"पळताना होते," ती म्हणाली, आणि तिचा स्वर असा काही होता की इसाकूने मुकाट्याने काळा रॉड काखेत मारला.

त्या रविवारी मित्सुए उजाडायच्या आत डबा भरून तयार होती. "मलाही बघायचंय," ती म्हणाली, "खरा मासा मी केलं तसंच करतो का ते."

गोन्जोने तिला होडीत हात दिला. "या वहिनी. आज निदान कुणीतरी हँडल धरायला आहे."

खडकांपाशी पाणी काळंनिळं उसळत होतं. गोन्जोने इंजिन मंद केलं. इसाकूने पहिला पॉपर फेकला तो जेमतेम तीन होड्यांच्या अंतरावर पडला. दुसरा गोन्जोच्या टोपीला चाटून गेला, तेव्हा गोन्जो न बोलता छपराखाली जाऊन बसला. मग हात बसला. फेक, झटका, डबाक. गुंडाळ, झटका, डबाक. लांबून बघायला हे फार सोपं. सूर्य वर येईपर्यंत इसाकूच्या खांद्यांत मुंग्या धावायला लागल्या आणि डबाकचा आवाज डुबुकवर आला.

"काय रे, मासे बोलावतोयस की झोपवतोयस?" गोन्जोने छपराखालून विचारलं.

इसाकूने चिडून एक हिसका दिला. डबाक! त्याच क्षणी पॉपरखालचं पाणी फुगलं, फुटलं, आणि त्याच्या जागी नुसता खड्डा उरला. रॉड वाकला. रील रडायला लागलं.

"लागला!" गोन्जो उडी मारून बाहेर आला. "बुंधा दाब! गुडघे वाकव!"

इसाकूने सगळं केलं. रॉड बरोबर होता, रील बरोबर होतं, दोरा हवा तसा रडत होता. मासा खाली गेला, उजवीकडे गेला, जरा थबकला. आणि त्या क्षणी होडीच्या काठावरून, दोन्ही मुठी आवळून, मित्सुए जीव तोडून ओरडली,

"डावीकडे! अरे खडक डावीकडे आहे! पळ!"

मासा डावीकडे पळाला. दोरा खर्रकन घासला, आणि रॉड सरळ झाला.

वर एक समुद्रपक्षी ओरडून गेला.

"वहिनी," गोन्जो म्हणाला, "तुम्ही नक्की कुणाच्या?"

मित्सुएने तोंडावर हात ठेवला होता. "आपोआप निघालं हो भावजी. तो तिथे थांबला ना, मला वाटलं, चुकला बिचारा रस्ता..."

इसाकूने रॉड ठेवला, डबा उघडला आणि बायकोकडे पाठ करून भाताचा गोळा खायला लागला. ती त्यात त्याची आवडती उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरून आणायची. त्याने ती आंबट कैरीची फोड असावी तशी चघळली आणि बी खूप लांब थुंकली.

"रॉड छान घेतलास," गोन्जो त्याच्या शेजारी टेकत म्हणाला. "रीलही छान. बायकोच तेवढी अंगणात पळवून बघितली नाहीस."

"पळवून बघितली," इसाकू खोल आवाजात म्हणाला. "तीच तर चूक झाली."

मागून खसखस ऐकू आली. मित्सुए हसू दाबत होती. इसाकूने ठरवलं होतं की संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही, पण ते हसू त्याच्या पाठीतून आत शिरलं आणि पोटात गुदगुल्या झाल्या. भाताची शितं नाकात गेली. तो ठसकला, तिने पाठीवर थोपटलं. उदोनवालीचा हात तो. आणखी एक शीत बाहेर आलं.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी त्याला नाही, तुम्हाला सांगेन. तो काय करणार ते मला कळतं. खरंच कळतं."

"तोंड बंद ठेवलंस तरी पुष्कळ आहे."

तोंड बंद राहिलं ते ऊन कलेपर्यंत. गोन्जोने होडी खडकांच्या दुसऱ्या अंगाला नेली. इसाकूचे खांदे आता दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. त्याने "हा शेवटचा" म्हणत फेकला, मग "हा खरा शेवटचा," मग "हा गोन्जोच्या आग्रहाखातर." गोन्जोने काही आग्रह केला नव्हता. डबाक.

पाणी फुटलं.

रॉड वाकला तशी मित्सुए त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली, डोळे मिटून. आणि ती बोलायला लागली.

"मी खाली जातेय. जाऊ द्या मला, जाऊ द्या... आता थांबतेय. आता उचला!"

इसाकूने उचललं. मासा वर आला.

"मी दमले," मित्सुए पुटपुटली. "फार दमले... नाही, खोटं! सोंग आहे! आता खडकाकडे, डावीकडे!"

"गोन्जो, डावीकडे!" इसाकू ओरडला. गोन्जोने इंजिन उलटं टाकून होडी मागे खेचली. दोरा कण्हला, पण खडकाला लागला नाही.

"आता वळले! तुमच्याकडे येतेय! धावतेय!"

इसाकूने हँडल फिरवलं. टोपी उडून समुद्रात गेली. दोरा सैल पडता पडता ताणला गेला. असं आणखी दोनदा झालं. एकदा मित्सुए म्हणाली "उजवीकडे" आणि मासा गेला डावीकडे. तेव्हा ती डोळे उघडून त्याच्यावरच खेकसली, "मूर्खा, तिकडे काय आहे?" पण एकूणात तिचा अंदाज गोन्जोच्या मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यापेक्षा बरा निघाला.

शेवटी पाण्यात चांदीचा आडवा पट्टा चमकला. गोन्जोने जाळं घातलं आणि हिरामासा फळ्यांवर येऊन धडधडला. कमरेइतका नव्हता. मांडीइतका म्हणता आला असता, तीही इसाकूची.

"धरलं मला," मित्सुए हळूच म्हणाली आणि मटकन खाली बसली.

इसाकूही तिच्याशेजारी बसला. "फार लागलं का?" त्याने विचारलं. आपण कुणाला काय विचारतोय हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. मित्सुएने घाम पुसत त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्या गालावर खवला चिकटला होता. त्याने तो नखाने काढला. गोन्जो एकाएकी दोर आवरण्यात फार गुंतला.

संध्याकाळी घरी साशिमीचं, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांचं, ताट मांडलं. आपल्यालाच खायचं म्हणून मित्सुए मागे सरेल, अशी गोन्जोची समजूत होती. तिने सगळ्यांत आधी चॉपस्टिक उचलून पोटाकडचा चरबीदार तुकडा घेतला.

"कशा आहात चवीला, वहिनी?" गोन्जोने विचारलं.

"उत्तम," ती म्हणाली आणि दुसरा घेतला.

इसाकूला मात्र चॉपस्टिक उचलता येईनात. हात ताटापर्यंत जायचा आणि रिकामा परत यायचा. शेवटी मित्सुएनेच त्याला भरवलं. गोन्जोने हे बघितलं, म्हणजे उद्या सकाळपर्यंत बंदरभर होणार हे ठरलंच.

उरलेल्या माशाचे वाटे शेजारीपाजारी पोचवायला इसाकू स्वतः निघाला. रॉडचं, रीलचं, माशाच्या धावण्याचं त्याला सांगायचं होतं. पहिल्या घरी सांगितलं, दुसऱ्या घरी माशाची लांबी वीतभर वाढली, तिसऱ्या घरी खडक दोन झाले. गल्लीच्या टोकाला सुकट विकणारी तोमे आजी राहायची. तिच्यापुढे त्याने वाटा धरला तेव्हा कहाणी चांगलीच पिकली होती. आजीने पान उलगडलं, तुकडा बोटाने दाबला, नाकाशी नेला.

"हिरामासा ना?" तिने विचारलं.

"हो आजी, मी स्वतः..."

"उद्या खा म्हणावं सगळ्यांना. आज अजून कडक आहे," आजी म्हणाली, आणि जाता जाता वरच्या फळीवरची मुळ्याच्या लोणच्याची बरणी काढून देतोस का, असं तिने त्याला विचारलं.

इसाकूने हात वर केले. ते खांद्याच्या वर गेलेच नाहीत.

"नाही पोचत, आजी," तो म्हणाला. "मित्सुएला पाठवतो."